पहिलं उत्तर टोपलीला, दुसरं टपालाला

मी टोपली बोलतेय. फुलांची नव्हे आणि फळांचीही नव्हे. लिहायच्या मेजाखाली उजव्या पायाशी ठेवतात ना, ती. रद्दीची.

मुरडलंत ना नाक? मुरडा. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे पाहिलं ते काहीतरी फेकतानाच, तेव्हा मला त्याचं काही वाटत नाही. पण एका मोठ्या माणसाचं चरित्र त्याच्या पत्रांसकट दोन जाडजूड खंडांत छापून आलं, पाठीवर सोनेरी अक्षरं वगैरे, आणि त्यातली जी पानं लोक एकमेकांना वाचून दाखवतात ती माझ्या पोटातून गेलेली आहेत. मेजावरची दौत फार तोरा मिरवायची, की साहेबांचे सगळे विचार म्हणे तिच्यातून निघाले. निघाले असतील. मुक्कामाला यायचे ते माझ्याकडे.

माझा जन्म लिटल फेनिंग नावाच्या गावातला. गाव कसलं, दलदलीत उभी राहिलेली चार घरं आणि एक चर्च. तिथे डॉर्कस नावाची म्हातारी वाळुंजाच्या फांद्या भिजवून टोपल्या विणायची. हात चालायचे तसा तिच्या तोंडाचा पट्टाही चालायचा. कोणाची सून कशी, कोणाचा डुक्कर कोणाच्या कोबीत शिरला, सगळं. माझ्या विणीत चहाड्या पहिल्यापासूनच भरलेल्या आहेत त्या अशा. तिनं मला विणली होती वाम मासे ठेवायला. पण बूड जरा तिरकं बसलं, म्हणून कोळ्यानं मला परत केली.

तेव्हा गावच्या पाद्रीसाहेबांची बायको तिथून चालली होती. तिनं मला उचलून बघितलं. मी डुगडुगले.

"तिरकी आहे हो," डॉर्कस म्हणाली. "उगाच खोटं कशाला सांगू?"

"आमच्या घरात सगळंच जरासं तिरकं आहे," ती बाई हसून म्हणाली. "खपून जाईल."

ही हॅरिएट वेदरॉल. नवरा तिला हॅटी म्हणायचा, आणि मनातल्या मनात मीही.

नवरा म्हणजे ॲम्ब्रोज वेदरॉल. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात राहायचे, पण ते फक्त जेवणापुरतं. बाकी सगळा वेळ त्यांचा मुक्काम तेराव्या शतकात. इंग्लंडातल्या जुन्या मठांचा इतिहास ते लिहीत होते, चार खंडांत. रविवारी प्रवचन देताना राणीचं नाव घ्यायच्या जागी सहाशे वर्षांपूर्वीच्या राजाचं घेऊन बसायचे. गावकऱ्यांना काही फरक पडत नव्हता. त्यांच्या लेखी दोघंही सारखीच लांब.

साहेबांचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून कागदभर नाचली आणि मध्येच काहीतरी आठवून मागे फिरली, असं. ते जगात एकाच माणसाला लागायचं, हॅटीला. तीन खंड छापखान्यात गेले ते सगळे तिच्या हातची नक्कल होऊन. त्या घरात शेकोटी एकच, तीही बैठकीत, आणि लिहायची खोली उत्तरेकडची. हिवाळ्यात तिची बोटं सुजून लालभडक व्हायची. ती लोकरीचे बोटं कापलेले हातमोजे घालून लिहायची, आणि मधूनच एक हात काखेत धरून बसायची.

साहेबांचं नाव झालं ते एका मधाच्या बरणीमुळे. एका शेतकऱ्याच्या बायकोनं मध पाठवला. बरणीच्या तोंडावर पिवळट, कडक चामडं ताणून बांधलेलं. साहेब मध विसरले. ते चामडं दमट फडक्यात ठेवून हळूहळू सैल केलं, तर आत लॅटिन अक्षरं. सहाशे वर्षांपूर्वीच्या कुणा भिक्षूनं लिहिलं होतं, 'आज उपासाचा दिवस. मठाधिपतींनी सात वाम मासे खाल्ले आणि मग आम्हाला संयमावर प्रवचन दिलं.' साहेब इतके हसले, की हॅटीला पाणी आणावं लागलं. मग ते चामडं छापलं गेलं आणि दोन विद्यापीठांतले पंडित त्यावर भांडले. साहेबांची कीर्ती झाली.

त्या दिवसापासून त्यांनी दोन नियम घरात लावले. पहिला असा, की कागद असेल तर ते घडलं, कागद नसेल तर त्या नुसत्या गप्पा. दुसरा असा, की कागद कुठे सापडला याची इतिहासकारानं लाज बाळगायची नाही.

"आपल्या लग्नाचा कागद आहे ना रे?" हॅटीनं एकदा विचारलं.

"आहे की. दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट."

"आणि प्रेमाचा?"

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "त्याचा असा सुटा कागद... शोधावा लागेल, हॅटी."

"शोध मग. नाहीतर त्या नुसत्या गप्पा," ती म्हणाली आणि पुढच्या पानाची नक्कल करायला बसली. चेष्टाच होती. पण तिनं ती पुढेही दोनतीनदा केली, म्हणून माझ्या लक्षात राहिली.

तीन खंड झाले. चौथ्याची जुळवाजुळव चालू होती. आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी पंतप्रधानांचं पत्र आलं, की ऑल्डमिन्स्टरचे बिशप व्हाल का?

साहेबांनी ते पत्र हॅटीच्या हातात दिलं. तिनं वाचलं, परत दिलं, आणि विचारलं, "तिथे लिहायच्या खोलीत शेकोटी असेल का?"

बस. एवढंच विचारलं. साहेब म्हणाले, "विचार करतो," आणि मेजाशी बसले.

त्यांची एक सवय इथे सांगायलाच हवी, कारण सगळी भानगड तिच्यातूनच झाली. कुठल्याही पत्राला ते दोन उत्तरं लिहायचे. पहिलं जसं मनात येईल तसं. ते लिहून झालं की हॅटीला वाचून दाखवायचे आणि न चुरगळता माझ्यात टाकायचे, सपाटच, कारण कागदाला दुखवणं त्यांच्या जिवावर यायचं. मग दुसरं उत्तर. ते शहाण्यासारखं. हॅटीनं नक्कल केली की ते टपालात जायचं.

त्या दिवशी पहिलं उत्तर लिहिलं, पण हॅटीला वाचून दाखवलं नाही. दोनदा स्वतः वाचलं, नाक शिंकरलं आणि माझ्यात टाकलं. दुसऱ्यात लिहिलं, की 'हे पाचारण मी नम्रतेने व आनंदाने स्वीकारतो.' घडी घातली, मोहोर केली, टपालात टाकलं. आम्ही बिशप झालो.

बिशपचं घर म्हणजे राजवाडाच, आणि केवढा! शेकोट्याच बावीस. साहेबांच्या अंगावर बिशपचा झगा, आणि पायांत गुडघ्यापर्यंत बटणं लावायचे ते कापडी पट्टे. बटणं लावता लावता त्यांची अर्धी सकाळ जायची. हॅटीची बोटं पहिल्याच हिवाळ्यात बरी झाली. पण चौथा खंड काही लिहून झाला नाही. त्याच्या टिपणांची पेटी कपाटावर बसली आणि तिच्यावर धूळ. बिशपला वेळ असतो का? सारा जिल्हा पत्रं लिहीत होता.

आणि काय ती पत्रं! एका पाद्र्यानं चौदा पानं लिहून विचारलं, की वेदीवर मेणबत्त्या दोन असाव्यात की सहा. साहेबांचं पहिलं उत्तर असं होतं:

'तुमचं पत्र मी दोन मेणबत्त्यांच्या उजेडात वाचायला घेतलं आणि नवव्या पानाशी मला झोप लागली. सहा असत्या तर कदाचित टिकलो असतो. तेव्हा सहाच लावा.'

दुसरं असं: 'आपल्या पत्रातील तळमळ पोचली. या विषयाचा सर्व बाजूंनी विचार व्हावा.'

एका बाईनं नोहाच्या जहाजावर तीनशे कडव्यांचं काव्य रचून अभिप्रायाला पाठवलं. पहिलं उत्तर: 'नोहानं जहाजात प्रत्येक जातीचे दोनच घेतले होते. कडव्यांच्या बाबतीत आपणही त्याच्यापुढे जाऊ नये.' दुसरं उत्तर: 'आपल्या काव्यातील तळमळ पोचली.'

आणखी एक गृहस्थ होते, चर्चमधले बडे अधिकारी. त्यांची तक्रार अशी, की शेजारच्या खुर्चीचे पाय त्यांच्या खुर्चीपेक्षा दोन बोटं उंच आहेत. त्यांना साहेबांनी लिहिलं, 'तेराव्या शतकात अशाच भांडणात एका मठाधिपतीनं दुसऱ्याची खुर्ची जाळली होती. मी सुचवत नाही, फक्त माहिती देतो.' टपालात काय गेलं ते तुम्हीच ओळखा. तळमळ पोचली.

चहाच्या वेळी ही पहिली उत्तरं मोठ्यानं वाचली जायची. हॅटी हसून हसून मेजावर डोकं टेकायची. "अरे, हेच पाठव ना एकदा! एकदाच!"

"बिशपला विनोद परवडत नाही, हॅटी. फार बटणं असतात." आणि कागद माझ्याकडे.

रोज सकाळी मला स्वयंपाकघरात नेऊन रिकामी करत. कागद जाळायचे असा हुकूम होता. तिथे प्रत्यक्षात काय व्हायचं ते मला ठाऊक होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि डॉर्कसच्या हाताखाली तयार झालेली असून मी तेवढं एकच गुपित पोटात ठेवलं.

हसणं चहापुरतं. बाकीच्या वेळी हॅटीचं काहीतरी आत सलायचं. एका वसंतात ती स्वतः शिडीवर चढून चौथ्या खंडाची पेटी पुसत होती. स्वयंपाकीण मिसेस टगवेल दिवसाचा बेत विचारायला आली होती. ही लिटल फेनिंगपासून त्यांच्याबरोबर होती. बाई म्हणजे तोंडानं तिखट आणि हातानं गोड.

"मीच हे बंद पाडलं, मिसेस टगवेल," हॅटी शिडीवरूनच म्हणाली.

"काय बाईसाहेब?"

"हे पुस्तक. त्या दिवशी मी शेकोटीचं विचारलं नसतं तर तो इथे आलाच नसता. मला ऊब हवी होती, आणि त्यानं आयुष्याचं काम सोडलं."

"तसं साहेब म्हणाले?"

"तो कधी म्हणेल का? म्हणूनच तर कळत नाही."

"मग मासळी भाजू की उकडू?" मिसेस टगवेलनं विचारलं.

चौदा वर्षं बिशपगिरी करून साहेब गेले. एका ओल्या चर्चच्या उद्घाटनाला तीन तास उभे राहिले, छातीत थंडी भरली आणि आठवड्यात संपले. शेवटच्या दिवशी त्यांनी दौत मागितली होती. मला हॅटीनं उचलून पलंगाशी नेऊन ठेवलं, सवयीप्रमाणे. त्यांनी काही लिहिलं नाही. मी रिकामीच परत आले. आयुष्यात जड ओझं मी वाहिलं ते एवढं एकच.

आता त्या काळची रीत अशी, की मोठा माणूस गेला की वर्षाच्या आत त्याचं 'जीवन आणि पत्रे' यायलाच हवं, दोन खंड, पुढे फोटो, फोटोखाली सही. साहेबांचे चिटणीस मिस्टर लॅम्पेट यांनी हे काम आपणहून अंगावर घेतलं. तरुण, उंच, आणि जन्मतःच प्रौढ. त्यांनी वर्तमानपत्रात निवेदन दिलं, की बिशपसाहेबांची पत्रं ज्यांच्याकडे असतील त्यांनी नकलेसाठी पाठवावीत.

आली की! गठ्ठ्यांनी आली. आणि साहजिकच सगळी दुसरी उत्तरं आली.

मिस्टर लॅम्पेट रोज दुपारी साहेबांच्या खोलीत बसून हॅटीला ती वाचून दाखवायचे. "'आपल्या पत्रातील तळमळ पोचली.' किती संयमित! किती भारदस्त!" 'तळमळ' त्रेसष्ट वेळा पोचली. मी मोजत होते, दुसरं काम काय होतं?

हॅटी खिडकीशी बसून ऐकायची. एकदा तिनं मध्येच विचारलं, "मिस्टर लॅम्पेट, हा कोण माणूस आहे?"

"कोण, बाईसाहेब?"

"हाच, ज्याचं चरित्र चाललंय तो. मी कधी भेटले नाही त्याला."

लॅम्पेटसाहेब समजुतीचं हसले. दुःखानं बाई जरा भ्रमल्या आहेत, असं त्यांनी ठरवून टाकलं.

ती मग हट्टाला पेटली. नोहाची कडवी घाला, खुर्चीचं घाला. प्रत्येक वेळी लॅम्पेट डोळे मिटून विचारायचे, "कागद आहे का, बाईसाहेब?"

"मी माझ्या कानांनी ऐकलंय!"

"साहेबच म्हणायचे, की कागद नसेल तर त्या नुसत्या गप्पा. त्यांच्याच चरित्रात मी त्यांचाच नियम कसा मोडू?"

नवऱ्याच्या शिस्तीनं अशी बोलती बंद झाली तिची. सर्वांत वाईट गेलं ते 'पाचारण' नावाचं प्रकरण. लॅम्पेटनी वाचलं, "'त्यांनी इतिहासलेखन आनंदाने बाजूला ठेवले.' याला कागद आहे. पंतप्रधानांना गेलेलं पत्र."

हॅटी खिडकीकडे वळली. पण तिचा चेहरा मला माझ्या जागेवरून स्वच्छ दिसत होता. आनंदानं, की तिच्यासाठी मन मारून? एवढंच तिला कळायला हवं होतं. सांगणारा माणूस मातीखाली होता, आणि ज्या कागदावर ते लिहिलं होतं तो माझ्या पोटातून चौदा वर्षांपूर्वीच गेला होता. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मला तोंड आहे, पण ते नुसतं उघडं.

हस्तलिखित सोमवारी छापखान्यात जायचं होतं, आणि त्याच आठवड्यात नवा बिशप राहायला येणार म्हणून राजवाडा रिकामा करायचा होता. घरभर पेंढा. शुक्रवारी चहाच्या वेळी लॅम्पेटसाहेब शेवटचं वाचन करत होते. मिसेस टगवेल ट्रे घेऊन आली. तिचा पारा चढलेला होता.

"काचेच्या वाट्या सगळ्या पेंढ्यात गेल्या, बाईसाहेब. जॅम बरणीतच आणलाय. लाज वाटते, पण इलाज नाही."

एरवी राजवाड्यात जॅमची बरणी मेजावर येत नसे. खाली स्वयंपाकघरात तिचं तोंड सोडायचं आणि जॅम काचेच्या वाटीत घालून वर पाठवायचा, ही शिस्त. चौदा वर्षांत हॅटीनं स्वतःच्या घरच्या जॅमची बरणी कधी पाहिलीच नव्हती.

मिस्टर लॅम्पेटना जॅम फार प्रिय. त्यांनी हात पुढे केला. हॅटीनं त्यांच्या हातावर चापट मारली.

खरंच मारली. मी पाहिली.

बरणीच्या तोंडावर गोल कागद दोऱ्यानं बांधलेला होता, आणि त्या कागदावर शाईत पाय बुडवलेली कोंबडी नाचली होती.

हॅटीनं बरणी उजेडात धरली. तिचे ओठ हलले. आणि मग ती मोठ्यानं वाचायला लागली, "'...जहाजात प्रत्येक जातीचे दोनच घेतले होते. कडव्यांच्या बाबतीत...'" पुढे तिला हसूच आवरेना. पेला सांडला.

"मिसेस टगवेल! हे कुठून आलं?"

मिसेस टगवेलचा चेहरा उतरला. "आता काय लपवायचं, बाईसाहेब. टोपलीतला कागद जाळायचा हुकूम होता, मला ठाऊक आहे. पण असला जाड, गुळगुळीत कागद जाळवतो का हो? गोल कापायचा, खालून अंड्याचा पांढरा बलक लावायचा आणि ताणून बसवायचा. जॅमला वर्षानुवर्षं बुरशी धरत नाही. लिटल फेनिंगमधल्या शेवटच्या वर्षापासून करतेय मी हे."

"पण त्यावर लिहिलेलं होतं ना!"

"लिहिलेलं?" ती चकित झाली. "मला वाटायचं, साहेब टाक साफ करतात."

मिस्टर लॅम्पेट घसा साफ करत म्हणाले, "गमतीदार आहे. पण बाईसाहेब, हा काही दस्तऐवज नव्हे. हे जॅमचं झाकण आहे."

"प्रकरण तिसरं काढा," हॅटी म्हणाली.

"म्हणजे?"

"काढा हो. मधाच्या बरणीचं."

त्यांनी पानं उलटली. त्यांचेच शब्द होते, चांगले ठसठशीत. हॅटीनं वाचायला लावलं तेव्हा त्यांचा आवाज प्रत्येक शब्दाला खाली खाली गेला. "'कागद... कुठे सापडला याची... खरा इतिहासकार लाज बाळगत नाही. मधाच्या बरणीचं झाकण हेही... हेही त्यांनी मस्तकी धरले.'"

"धरा मग मस्तकी," हॅटी म्हणाली. "चला खाली."

तिनं मला उचललं, आणि आम्ही कोठीत गेलो. मी, हॅटी, मिसेस टगवेल आणि मागून पाय ओढत मिस्टर लॅम्पेट. फडताळं छतापर्यंत. आणि प्रत्येक बरणीच्या तोंडावर साहेब! स्ट्रॉबेरीवर मेणबत्त्या, गूजबेरीवर खुर्ची. दोरे सोडत होते, कागद अलगद निघत होते, आणि एकेक करून माझ्यात परत येत होते. हॅटी वाचत होती, मिसेस टगवेल पोट धरून हसत होती. आणि खुर्चीच्या पत्राशी मिस्टर लॅम्पेटच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. त्यांनी तो शिंकेत लपवायचा प्रयत्न केला. हसू होतं ते. पहिल्यांदाच आलं असावं, वाट माहीत नव्हती बिचाऱ्याला.

"ही एक राहिली," मिसेस टगवेल स्टुलावर चढून म्हणाली. "आलुबुखाराची. जुन्या घरून इथे आणली ती. साखर दगडासारखी झाली असेल. ज्या वर्षी आपण इथे आलो त्याच वर्षीची."

मोठी बरणी होती. कागद पिवळा पडलेला, अक्षर नेहमीपेक्षा बारीक. मी तो ओळखला. चौदा वर्षांपूर्वी दोन तास तो माझ्यात होता.

हॅटीनं वाचायला सुरुवात केली ती मोठ्यानंच. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज बंद झाला. मग ती मनात वाचत राहिली. पण मला पाठ आहे. वरचा तुकडा कात्रीनं गेलेला होता, बाकी असं होतं:

'...बिशप हवा आहे, पण मला तेराव्या शतकातून सवड नाही. इथलं जेवण वाईट आहे, संगत मात्र चांगली. चौथ्या खंडात तो मासेखाऊ मठाधिपती मरणार आहे आणि ती गंमत मी दहा वर्षं राखून ठेवली आहे. तेव्हा नाहीच म्हणणार होतो. पण आज माझ्या बायकोनं विचारलं, तिथे शेकोटी असेल का. वीस वर्षं ती सुजलेल्या बोटांनी माझं अक्षर लावत बसली आहे, आणि वीस वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. मठाधिपती सहाशे वर्षं मेलेलाच आहे, त्याला घाई नाही. हॅटीची बोटं आत्ताची आहेत. आयुष्यात प्रथमच एका गोष्टीला मला पुरावा लागत नाही, आणि त्याचा मला इतका आनंद झाला आहे की तो आपल्यासारख्या परक्या माणसाला सांगतो आहे. बिशप मी बेताचाच निघेन. हे मात्र तिला कळू देऊ नका, नाहीतर ती शेकोटीजवळ बसायची नाही आणि मग मला...'

तिथे कागद गोल कापला होता.

"मला काय?" हॅटी पुटपुटली. "मला काय, ॲम्ब्रोज?"

मिसेस टगवेल स्टुलावरून उतरली. "कात्री जरा आत फिरली असेल, बाईसाहेब. कोपरे मी... कोपरे मी चुलीत घातले." आणि ती रडायलाच लागली.

हॅटीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचेही डोळे वाहत होते, पण तोंड हसत होतं. "रडू नका. न लागणारं अक्षर लावायचं हेच काम वीस वर्षं केलंय मी. एवढं शेवटचंही लागेल." मग ती बरणीकडे बघून हळूच म्हणाली, "सापडला रे. सुटा कागद. आलुबुखारावर."

मिस्टर लॅम्पेट पुढे सरसावले. आता त्यांना चव लागली होती. "बाईसाहेब, ही बरणी तर त्याच वर्षीची! पाचारणाच्या प्रकरणात मोलाची भर. काय लिहिलंय?"

हॅटीनं तो कागद उजेडात धरला, डोळे बारीक केले, बराच वेळ नीट निरखला.

"काही सांगता येत नाही, मिस्टर लॅम्पेट," ती म्हणाली. "अक्षर लागत नाही."

तिला लागत नाही म्हटल्यावर जगात दुसरं कोण लावणार? लॅम्पेटसाहेबांनी नाइलाजानं मान डोलावली.

चरित्र छापून आलं. दुसऱ्या खंडाच्या शेवटी अकरा पत्रांची भर पडली. तळटीप अशी: 'राजवाड्यातील खाजगी संग्रहातून.' मिसेस टगवेल अजून प्रत्येकाला सांगते, की संग्रह म्हणजे तिचं फडताळ.

आम्ही आता पुन्हा लिटल फेनिंगला आहोत, एका लहान घरात. मिसेस टगवेलही आहे. माझा एक कान तुटलाय, काठ उंदरानं कुरतडलाय, आणि बूड आहे तसंच तिरकं. चौथ्या खंडाची पेटी कपाटावरून खाली उतरली. हॅटी रोज सकाळी शेकोटीजवळ बसून साहेबांच्या टिपणांवरून तो पुरा करते. मठाधिपती अजून मेलेला नाही. ती त्याला रोज एक दिवस वाढवून देते, मुद्दाम.

तिलाही आता लोकांची पत्रं येतात. तीही दोन उत्तरं लिहिते. मिस्टर लॅम्पेटना आभाराचं लिहिलं, त्यातलं पहिलं माझ्याकडे आलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही, माणूस अजून जिवंत आहे.

मला आत जाड निळ्या कापडाचं अस्तर लावलंय. शेजारपाजारच्या बायका म्हणतात, रद्दीच्या टोपलीला कसलं अस्तर, बाईंचं काहीतरीच. हॅटीनं ते स्वतः शिवलं, बारीक टाक्यांनी, आणि शिवण्याआधी त्याच्याखाली एक गोल कागद ठेवला. महत्त्वाची वस्तू कुणी रद्दीच्या टोपलीत शोधत नाही, हे आमच्या घरात सर्वांना चांगलं ठाऊक आहे.

तेव्हा कधी इकडे आलात तर घरी या. चुरगळलेलं, फाटलेलं, नको असलेलं काहीही टाका माझ्यात, मी कधी नाही म्हटलेलं नाही. फक्त एक करा. मला उपडी करून झटकू नका.